एबीएसचा दिवा लागला तर आधी चाकाजवळ बघा

कसारा घाट चढून इगतपुरीकडे येताना माझ्या २०११च्या हॅचबॅकच्या मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. गोलात एबीएस अशी अक्षरं, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. ऑगस्टचा पाऊस, वायपर फुल्ल, गाडीत घरचे सगळे. गाडी नेहमीसारखीच थांबत होती, तरी नाशिक येईपर्यंत माझी नजर दर दोन मिनिटांनी त्या दिव्याकडे जात होती. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर न लावताच उत्तर मिळालं, "मॉड्यूल गेलंय दादा. चाळीस हजार धरून चाला. नाहीतर बल्ब काढून देतो, दिवा दिसणारच नाही."

मॉड्यूल म्हणजे एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. मी दोन्ही नाकारलं. दोष निघाला डाव्या पुढच्या चाकामागच्या वायरीत, आणि तो सापडला विजेची जोडणी मोजणाऱ्या साध्या मल्टिमीटरवर. तो कसा सापडला ते पुढे सांगतोच. पण बल्ब काढण्याचा सल्ला मला आजही सलतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं. त्याआधी ते बहुतेक कंपन्या वरच्या मॉडेललाच द्यायच्या. म्हणजे एमएच १५ पाटीच्या ज्या जुन्या गाडीत एबीएस आहे, तिच्या पहिल्या मालकाने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले होते. ती सोय एका बल्बासकट पुरून टाकू नका.

हा लेख ज्यांनी कधी गाडीखाली हात घातलेला नाही त्यांच्यासाठी आहे. सामान थोडंच लागतं: जॅक, घोडी (उचललेली गाडी पेलून धरणारा स्टँड), चाकाचा पाना, दहा-बारा नंबरचे पाने, टॉर्च, जुनं सुती फडकं आणि डिजिटल मल्टिमीटर. मीटर नाशिकच्या एम. जी. रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो.

कोणता दिवा, केव्हा लागतो

चावी फिरवली की एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझायलाच हवा. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. चावी फिरवूनही दिवा मुळीच लागत नसेल, तर आनंद मानू नका. आधीच्या मालकाने बल्ब काढलेला असू शकतो. सेकंडहँड गाडी घेताना ही गोष्ट मी सगळ्यात आधी बघतो.

फक्त पिवळा दिवा लागून राहिला, तर साधे ब्रेक काम करत असतात, एबीएस तेवढं बंद पडलेलं असतं. जोरात ब्रेक मारलात तर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते आणि जाम झालेल्या पुढच्या चाकांवर स्टिअरिंगचा काही उपयोग होत नाही. अशा गाडीने गॅरेजपर्यंत जाता येतं. पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा, आणि घाटात उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा.

पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी बाजूला घ्या. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का, ब्रेक ऑइल कमी आहे का, हे बघा. दोन्ही ठीक असूनही दोन्ही दिवे जळत असतील, तर पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. सप्तशृंगी गडाचा किंवा कसाऱ्याचा घाट अशा गाडीने उतरू नका. टोइंगवाल्याला बोलवा.

मग एक वही घ्या आणि दिवा नेमका केव्हा लागतो ते लिहा. चालू करताच? वीसचा वेग गाठल्यावर? खड्ड्यात आपटल्यावर? वळताना? पाऊस पडून गेल्यावर, की वॉशिंग सेंटरमधून धुऊन आणल्यावर? माझ्या वहीत तीन दिवसांत चार नोंदी झाल्या आणि त्यातल्या तीन सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापतानाच्या होत्या. अर्धं निदान तिथेच झालं होतं, मला ते कळायला मात्र अजून दोन दिवस लागले.

यंत्रणा थोडक्यात

प्रत्येक चाकाच्या हबजवळ (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एक सेन्सर असतो. त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग असते; नव्या पद्धतीच्या गाड्यांत तिच्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी बसवलेली असते. सेन्सर चाकाचा वेग मोजतो आणि वायरीने मॉड्यूलला कळवतो. ब्रेक मारल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम हळू झालं, की मॉड्यूल समजतं की ते जाम होतंय. मग ते त्या चाकाच्या ऑइलचा दाब व्हॉल्व्हने सेकंदात अनेकदा सोडतं आणि धरतं. पायाखाली जाणवणारी थरथर ती हीच.

नाशिककर रोज ज्या मायको सर्कलवरून जातात, त्याचं नाव ज्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीवरून पडलं ती म्हणजे आजची बॉश. याच बॉशने १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लाससाठी इलेक्ट्रॉनिक एबीएस बाजारात आणलं. सातपूरच्या कारखान्यात मात्र डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल होतात.

मॉड्यूल बोनेटखाली, त्यामानाने सुरक्षित जागी बसलेलं असतं. सेन्सर आणि त्याची वायर मात्र चाकामागे चिखल, पाणी, दगड, ब्रेकची उष्णता आणि प्रत्येक वळणाची पीळ सोसत असतात. म्हणून शोध चाकापासून सुरू करायचा. त्याआधी पाच मिनिटांत होणाऱ्या काही गोष्टी उरकून घेऊ.

चाक काढण्याआधी

बोनेट उघडा. ब्रेक ऑइलची पातळी मिन आणि मॅक्स या खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, आणि कुठे गळती असेल तरीही उतरते. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल टाका, आपल्या गाड्यांना बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ लागतं. नाव सारखं दिसलं तरी डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात चालत नाही.

पुढे बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यायला हवेत. व्होल्टेज फार पडलं की मॉड्यूल स्वतःच एबीएस बंद करून दिवा लावतं. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली जातो. अशा सकाळी म्हाताऱ्या बॅटरीवर सेल मारला की दिवा लागतो, आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की जातो. एवढंच लक्षण असेल तर चाकाला हातही लावू नका, आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा.

एबीएसचे फ्यूज बहुतेक गाड्यांत दोन किंवा जास्त असतात, मोठे बोनेटखालच्या डब्यात आणि लहान डॅशबोर्डखाली. कोणता कुठे ते झाकणाच्या आतल्या नकाशात दिसतं. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा टाका. तो लगेच पुन्हा उडाला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे.

कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. मागचे ब्रेक लाइट लागत नसतील तर पेडलजवळचा स्विच खराब असू शकतो, आणि त्यानेही काही गाड्यांत एबीएसचा दिवा लागतो. शेवटी चारही टायरवरचा साइज वाचा. पंक्चरमुळे वेगळ्या मापाची स्टेपनी लावली असेल तर ते एक चाक कायम वेगळ्या गतीने फिरतं आणि मॉड्यूलला ते खटकतं.

स्कॅनर

साधारण २०१० नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ उपकरण आणि मोबाइलचं ॲप एवढ्याने काम होईल असं मलाही वाटलं होतं. ते बहुधा इंजिनचेच कोड वाचतं. "कोड नाही" असं दिसलं म्हणजे एबीएसमध्ये दोष नाही असं होत नाही, त्या उपकरणाला एबीएस दिसतच नाही. एबीएस वाचणारा स्कॅनर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च या वाचनावर करा, आणि कोड पुसण्याआधी मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या.

अनेक गाड्यांत चेसिसचे कोड असे येतात: सी००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, तिथे त्या गाडीची सर्व्हिस पुस्तिका प्रमाण. डावं-उजवं हे सीटवर बसून पुढे बघताना धरायचं. समोर उभं राहून धरलं की भलत्याच चाकाचा सेन्सर बदलला जातो.

कोड फक्त जागा सांगतो. पुढच्या डाव्या सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच मेला असं नाही. वायर, कनेक्टर, रिंग, बेअरिंग, यातलं काहीही असू शकतं. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

चाक काढून

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये, आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी वीट किंवा मोठा दगड. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. जॅकवर उचलली की लगेच घोडी लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालू नका.

चाक निघालं की हबच्या मागे टॉर्च मारा. एका बोल्टने बसवलेला, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा तुकडा आणि त्यातून निघालेली काळी वायर दिसेल. ती वायर आधी डोळ्यांनी आणि मग बोटांनी चाचपत वर कनेक्टरपर्यंत जा. सस्पेन्शनवर तिला धरून ठेवणाऱ्या क्लिपा असतात. शॉकॲब्जॉर्बर किंवा पॅड बदलताना कुणी क्लिप परत बसवली नाही, तर वायर लोंबते आणि टायरला घासते. कनेक्टर उघडून बघा. हिरवट-पांढरी बुरशी म्हणजे पाणी शिरलंय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, रबरी सील जागेवर आहे का बघा. धुऊन आणल्यावर लागलेला दिवा बहुतेकदा इथेच सुटतो.

सेन्सरच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर ब्रेकचा लोखंडी कीस चिकटून काळा लेप बसतो. बोल्ट काढून सेन्सर हलक्या हाताने बाहेर घ्या आणि फडक्याने पुसा. तारेचा ब्रश नको. जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, पक्कडीने पिळलात तर डोकं तुटून आत राहतं. मुंबईहून आणलेल्या गाड्यांत आणखी एक दोष दिसतो. खाऱ्या हवेने सेन्सरच्या बैठकीखाली गंजाचा थर फुगतो आणि सेन्सर रिंगपासून वर उचलला जातो. हे अंतर एक मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे कागदाच्या दोन-तीन पापुद्र्यांइतका गंजही पुरतो. बैठक पॉलिश पेपरने साफ करून सेन्सर पुन्हा नीट टेकवा.

हब हाताने सावकाश फिरवत रिंगचा पूर्ण वेढा बघा. तुटलेला दाता, दोन दात्यांमध्ये रुतलेला खडा, किंवा गंजाने पडलेली चीर. चिरलेल्या रिंगचं एक ओळखू येणारं लक्षण आहे: कोरड्या रस्त्यावर सिग्नलला अगदी हळू थांबताना, वेग पाच-दहावर आला की पेडल खालून घर्र करतं आणि गाडी हातभर पुढे जाते. दिवा मात्र लागत नाही. चिरेपाशी सेन्सरचा हिशेब चुकतो आणि मॉड्यूलला चाक जाम झाल्यासारखं वाटतं. नाशिकच्या द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत तो हातभर महागात पडतो, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका.

आता चाक परत लावा, नट हाताने आवळा, पण गाडी घोडीवरच असू द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खुटखुट जाणवली तर बेअरिंगमध्ये खेळ आहे, आणि मग रिंग-सेन्सरचं अंतर सतत बदलतं. बेअरिंग नुकतंच बदललं असेल आणि त्याच दिवशीपासून दिवा लागला असेल, तर चुंबकीय पट्टीची बाजू उलटी बसली का हे विचारा. ती बाजू साध्या रबरी सीलसारखीच दिसते, चांगल्या फिटरचीही चूक होते. लोखंडाचा बारीक कीस जिला चिकटतो ती बाजू सेन्सरकडे हवी.

मीटर लावून

जुन्या गाड्यांत बहुधा दोन वायरींचा, आत तांब्याचं वेटोळं असलेला सेन्सर असतो. इग्निशन बंद करा, कनेक्टर काढा, मीटर ओहमच्या २ के रेंजवर ठेवा (आकडा त्यात मावला नाही तर २० के वर) आणि सेन्सरच्या दोन पिनांवर प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, धरा. बऱ्याच गाड्यांत ८०० ते २००० ओहमच्या दरम्यान आकडा येतो. नेमका आकडा माहीत नसेल तर दुसऱ्या बाजूच्या त्याच चाकाचा मोजा, दोन्ही जवळपास सारखे हवेत. मीटरने ओएल दाखवलं तर आत किंवा वायरीत तुटलंय, शून्याजवळ दाखवलं तर शॉर्ट आहे. एक प्रोब पिनवर आणि दुसरा गाडीच्या उघड्या लोखंडावर धरलात तर काहीच जोडणी दिसायला नको.

माझ्या डाव्या चाकाने ११२० दाखवलं. उजव्याने १०९५. दोन्ही उत्तम, आणि मी तिथेच थांबणार होतो. माझे शेजारचे काका आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग करत आलेत. ते म्हणाले, "प्रोब तसेच धर. आता मी स्टिअरिंग कापतो." त्यांनी चाक हळूहळू उजवीकडे वळवलं. ११२०, ११२१, ११२०, आणि शेवटच्या टोकाला ओएल. सरळ केलं, पुन्हा ११२०. बाहेरचं आवरण अखंड होतं, आतली तार मात्र क्लिपेपाशी वाकून वाकून तुटली होती. सरळ असताना टोकं टेकत होती, ताण आला की सुटत होती. वहीतल्या त्या तीन नोंदी तेव्हा मला उलगडल्या. म्हणून आकडा बरोबर आला तरी प्रोब काढू नका. चाक दोन्ही टोकांना वळवा, वायर जागोजागी हलकेच ओढा-वाकवा, आणि नजर मीटरवर ठेवा.

तिथे जोड मारून काम भागवता आलं असतं. पण वायर जिथे रोज वाकते तिथला जोड पुन्हा तुटतो. मी वायरीसकट नवा सेन्सर घेतला आणि जुन्याच्या प्रत्येक क्लिपेची जागा बघून तशीच बसवली.

वेटोळ्याच्या सेन्सरची आणखी एक चाचणी घेता येते. मीटर एसी व्होल्टच्या सगळ्यात लहान रेंजवर ठेवा आणि गाडी न्यूट्रलमध्ये असताना, हँडब्रेक न लागणारं चाक हाताने सेकंदाला एक फेरा या गतीने फिरवा. काही दशांश व्होल्टपर्यंतचा आकडा उठायला हवा आणि गतीबरोबर वाढायला हवा. ओहम बरोबर पण इथे काहीच नाही, तर अंतर किंवा रिंग पुन्हा तपासा. मागच्या चाकासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना विटा लावल्याशिवाय हे करू नका.

नव्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यावर ओहम मोजून काही कळत नाही. तुमच्या गाडीत कोणता ते पुस्तिकेत किंवा स्पेअरच्या दुकानात पार्ट नंबरवरून कळतं. तिथे कनेक्टर काढून, इग्निशन चालू ठेवून, गाडीकडच्या बाजूला व्होल्टेज बघायचं. बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या आसपास येतं. ते येतंय आणि वायर धडधाकट आहे, तर सेन्सर किंवा चुंबकीय पट्टी. येतच नसेल तर दोष मॉड्यूलकडच्या वायरिंगमध्ये. अशा सेन्सरचा वेग बघायला स्कॅनरवर चारही चाकांचे आकडे लावून गाडी सरळ चालवावी लागते. चालवणारा एक आणि स्क्रीन बघणारा दुसरा हवा. तीन चाकं ३० दाखवत असताना चौथं शून्यावर येऊन परत उठलं, की चोर सापडला.

मॉड्यूलवर केव्हा यायचं

चारही चाकांचे सेन्सर, वायरी, रिंगा बरोबर, फ्यूज आणि अर्थिंग बरोबर, आणि तरीही पंप, व्हॉल्व्ह किंवा मॉड्यूलचाच कोड परत परत येतो, तेव्हा. आधी मॉड्यूलचा मोठा कनेक्टर काढून आत पाणी किंवा ब्रेक ऑइल शिरलंय का बघा. जुन्या मॉड्यूलमध्ये आतले सोल्डरचे टाके चिरतात. गाडी गरम झाल्यावर लागून थंड झाल्यावर जाणारा दिवा याची खूण असू शकते. हे टाके दुरुस्त करणारे लोक आहेत, त्यामुळे पूर्ण युनिट बदलण्याआधी दुरुस्तीचा भाव विचारा. पण ऑइलच्या नळ्या घरी उघडू नका. आत हवा शिरली तर काही गाड्यांत स्कॅनरने पंप चालवूनच ती काढावी लागते.

खात्री

काम झाल्यावर कोड पुसा आणि गाडी चालवा. काही गाड्यांत सेन्सर नीट झाला तरी दिवा लगेच विझत नाही, वीस-तीसच्या वेगाने थोडं अंतर गेल्यावर मॉड्यूलची खात्री पटते आणि तो जातो. मग मोकळं, कच्चं, माणसांपासून दूर असलेलं मैदान गाठा. मागे-पुढे कुणी नाही हे बघून पंचवीसच्या वेगाने ब्रेक एकदम पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा, पंप करू नका. सैल मातीत एबीएस लगेच जागं होतं. माझ्या पायाखाली पेडल थरथरलं, बोनेटखालून कर्रर्र आवाज आला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. खाली उतरून मातीतले टायरचे पट्टे बघितले. चारही चाकांखाली घसरल्याची सलग रेघ नव्हती, तुटक-तुटक ठसे होते.